जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ : निदानाचा एक पाठ

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी, मनोगते आणि गौरवपर लेख येतात, ते यावेतच. या अंकासाठी आम्ही मात्र वर्गात घ्यावा तसा एक पाठ लिहावयाचे ठरविले आहे. विषय आहे जुन्या मोटारीचे इंजिन. ते उभ्या जागी थरथरू लागते, मध्येच ठोका चुकविते, आणि गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘मिसिंग’ म्हणतात त्या विकाराने गाडी ग्रासते. असे झाल्यास कारण कसे शोधावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण व्यवहाराचे आहे. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज चारचाकी उभी आहे. बहुतेक वेळा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते आणि त्या घराण्यातील पहिलीच असते. काहींच्या घरची चूल त्याच गाडीवर पेटते. अशी गाडी बिघडली आणि अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत गेले, तर महिन्याचे गणित कोलमडते. दुसरे कारण पद्धतीचे आहे. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांत फरक करावा, एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवितो. इंजिनाच्या निदानातही तेच करावे लागते. फरक इतकाच की येथे निष्कर्ष चुकल्यास त्याचे बिल त्याच दिवशी हातात पडते.

शिवाय हा विषय पुण्याला परका नाही. खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. पुढे पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकण हा सारा पट्टा वाहनांच्या कारखान्यांनी व्यापला. वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून याच शहरात आहे. सुट्या भागांसाठी नाना पेठेची वाट माहीत नसलेला मेस्त्री पुण्यात विरळा. या कारखान्यांत आणि गॅरेजांत आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या पालकांनी आयुष्य वेचले आहे.

इंजिनाचा ठोका म्हणजे काय

पेट्रोलच्या साध्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर चार कामे ओळीने करतो. तो हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढतो, ते दाबतो, ठिणगीने पेटवून ताकद देतो आणि जळालेला वायू बाहेर टाकतो. या चार कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरला एकदाच ठोका देण्याची पाळी येते.

आता साधा हिशेब करू. रस्त्यावर आजही दिसणारी जुनी मारुती ८०० ही ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची गाडी. उभ्या जागी, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना, तिचे इंजिन मिनिटाला समजा ९०० फेरे फिरते. मग प्रत्येक सिलिंडरचे मिनिटाला ४५० ठोके होतात आणि तिन्हींचे मिळून १३५०. त्यांतील एक सिलिंडर बंद पडला तर दर तिसरा ठोका गळतो. चार सिलिंडरच्या प्रीमिअर पद्मिनीत तेच झाल्यास चौथा ठोका गळतो. म्हणून तीन सिलिंडरची गाडी याच दोषाने अधिक जोरात हलते. ती जास्त आजारी असते असे नाही. तिच्याकडे भार वाटून घ्यायला माणसे कमी असतात, इतकेच.

ठोका नीट बसावयाचा तर तीन गोष्टी हव्यात : योग्य वेळी पुरेशी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन कितीही जुने असो किंवा नवे, ‘मिसिंग’चे मूळ या तिहींपैकी कोठेतरीच असते. ठिणगी, मिश्रण, दाब हे तीन शब्द वाचकांनी मनात पक्के करावेत. पुढचा सगळा पाठ त्यांच्याभोवती फिरतो.

प्रथम पाहावयाचे ते लक्षण कोणते

गाडी हलते म्हणजे ‘मिसिंग’च आहे असे धरून चालू नये. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते, ज्यांना गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते झिजले तरी गाडी थरथरते. फरक ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवावी आणि सायलेन्सरच्या तोंडाशी थोड्या अंतरावर कागदाची पट्टी धरावी. धूर एकसारख्या लयीत कागदाला ढकलत असेल तर ठोके शाबूत आहेत. मग फाउंडेशन तपासावे. लय तुटत असेल तर ‘मिसिंग’ खरे. कागद मधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्यावा.

यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे : ठोका केव्हा चुकतो? बहुसंख्य मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी मिसिंग मारते, बघा जरा’ एवढेच सांगतात. याने अर्धा पुरावा घरीच राहतो. वेळ आणि परिस्थिती सांगितली तर शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

ठोका फक्त उभ्या जागी चुकत असेल आणि रेस दिली की इंजिन सुरळीत होत असेल, तर बहुधा कोठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे किंवा कार्ब्युरेटरचा स्लो जेट कचऱ्याने भरला आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उभ्या जागी थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. इंजिन फार थोडी हवा घेते. त्या वेळी एखाद्या फाटक्या नळीतून शिरलेली थोडीशी हवाही एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते आणि मिश्रण पातळ होते. रेस दिल्यावर हवा कितीतरी पटींनी वाढते. गळतीची हवा मात्र फारशी वाढत नाही. म्हणून दोष झाकला जातो.

याच्या उलट, उभ्या जागी गाडी शांत असते, परंतु कात्रजच्या चढावर चार माणसे घेऊन चढताना झटके देते. येथे ठिणगीवर संशय घ्यावा. चढावर थ्रॉटल उघडा असतो, सिलिंडरमधील दाब वाढतो आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल, गॅप वाढलेला प्लग किंवा जुनी प्लग वायर नेमकी तेथे हार खाते.

थंड गाडीत दोष दिसतो आणि तापल्यावर जातो, तर चोककडे पाहावे. तापल्यावरच दोष येतो, तर कॉइल व कंडेन्सरकडे पाहावे. केवळ पावसाळी सकाळी दोष येतो, तर प्लग वायर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी यांकडे पाहावे. दोष थंडीत, उन्हात, उभ्या जागी, चढावर, सदासर्वकाळ असेल, तर एखादा सिलिंडर पूर्णच बंद आहे आणि तेथे तिन्ही शक्यता खुल्या राहतात.

कोणता सिलिंडर?

दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय दोष का आहे हे कळत नाही. जुन्या, डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत त्यासाठी एकेक सिलिंडर क्षणभर बंद करून पाहण्याची पद्धत आहे. इंजिन चालू असताना एका प्लगची वायर काढली की फेरे खाली यावयास हवेत. जो सिलिंडर काम करीत होता तो बंद पडल्याची ती खूण. वायर काढूनही इंजिनात काही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता.

येथे सावधगिरीचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. या वायरीत दहा ते वीस हजार किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट असतात. इन्सुलेटेड पक्कडीशिवाय तिला हात लावू नये, काढलेली वायर हवेत लोंबती न ठेवता इंजिनाच्या धातूला टेकवावी, आणि जवळपास पेट्रोलची गळती नाही याची आधी खात्री करावी. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने हे काम करूच नये. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तेथे ही चाचणी काही सेकंदांतच आटोपावी, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग निकामी होतो. इंजेक्शनच्या गाडीत वायरीऐवजी इंजेक्टरची जोडणी काढून हीच परीक्षा घेतात.

त्यापुढील पिढीच्या गाड्यांत संगणक आहे. स्कॅनर लावला की ‘पी ०३०१’ असा सांकेतिक क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो आहे. ‘पी ०३००’ म्हणजे दोष एका जागी स्थिर नाही. हे यंत्र अतिशय उपयुक्त आहे. परंतु सिलिंडरचा क्रमांक म्हणजे कारण नव्हे. ‘स्कॅनरने प्लग बदलायला सांगितले’ असे कोणी म्हणाल्यास विनयपूर्वक विचारावे की यंत्राने प्लग म्हटले की सिलिंडर म्हटले?

तिन्हींची तपासणी

सिलिंडर सापडल्यावर प्रथम त्याचा प्लग काढून उजेडात पाहावा. प्लगचे टोक हा लिखित पुराव्यासारखाच दस्तऐवज आहे. फिकट तपकिरी रंग म्हणजे जळण योग्य. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा थर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येते आहे. पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता अधिक. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे मिश्रण पोहोचले, पण पेटले नाही. बहुधा ठिणगीच नव्हती.

त्यानंतर अदलाबदल करावी. संशयित सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला आणि शेजारचा याला लावावा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर प्लग दोषी. दोष जागचा हलला नाही, तर प्लग निर्दोष. मग लांबी पुरत असल्यास वायरींची अशीच अदलाबदल करावी. मात्र डिस्ट्रिब्युटरवरील क्रम बिघडू देऊ नये. मारुती ८०० चा क्रम १-३-२ आणि पद्मिनीचा १-३-४-२ आहे. या साऱ्या उद्योगात एक रुपयाही खर्च होत नाही. पाळावयाचा नियम एकच : एका वेळी एकच बदल, आणि त्याचा परिणाम वहीत नोंदविल्याशिवाय पुढचा बदल नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गाडी सुधारते, ज्ञान वाढत नाही. पुढच्या खेपेस पुन्हा तिन्ही विकत घ्याव्या लागतात.

फार जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या आत सीबी पॉइंट असतात. त्यांची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकते. पॉइंट जळालेले, खड्डे पडलेले दिसले तर नुसते घासून भागत नाही, कंडेन्सरही तपासावा. गॅप फिलर गेजने, पुस्तिकेतील मापाप्रमाणेच ठेवावा. वायरीतून वीज बाहेर झिरपते का हे पाहण्यासाठी अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारतात. निळसर ठिणग्या चमकल्या तर पावसाळी सकाळचे कोडे तेथेच सुटते.

ठिणगी ठीक असेल तर हवेकडे वळावे. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी हवा घेते’ म्हणतात ते हेच. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग, इनलेट मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या लहानमोठ्या रबरी नळ्या ही हवा शिरण्याची ठिकाणे. चालू इंजिनात एकेक नळी चिमटीत दाबावी. दाबताच इंजिन स्थिरावले तर चोर सापडला. काही ठिकाणी पॅकिंगवर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारून पाहतात. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव उडविणे म्हणजे आगीला आमंत्रण. साबणाच्या पाण्याचे थेंब टाकूनही बऱ्याचदा तेच कळते. ज्या गाडीत ब्रेकला बूस्टर आहे, तिच्यात बूस्टरच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावे. ती फाटली तर इंजिन थरथरते आणि ब्रेकचे पेडलही जड होते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर गाडी रस्त्यावर नेऊच नये.

अनुभवी मेस्त्री व्हॅक्यूम गेज वापरतात. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन उभ्या जागी साधारण १७ ते २१ इंच दाखविते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे हा आकडा जवळजवळ २ इंचांनी कमी येतो. मुंबईचे माप पुण्यात लावून चांगल्या इंजिनाला आजारी ठरवू नये. काटा कमी पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. काटा ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह.

शेवटी दाब. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, ठिणगी व पेट्रोल बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडर मोजावा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये तफावत किती हे महत्त्वाचे. एखादा सिलिंडर इतरांहून दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर दोहोंमधले हेड पॅकिंग उडाले असण्याची दाट शक्यता. व्हॉल्व्हचा संशय आल्यास हेड उतरविण्यापूर्वी टॅपेटचा गॅप अवश्य तपासावा. तो फार घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही; तेवढे जुळवून कधी हजारोंचा खर्च वाचतो.

एक उदाहरण

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे १९९८ ची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थरथरे, कधी बंद पडे. वाहत्या रस्त्यावर मात्र तक्रार नसे. एका गॅरेजमध्ये तीन प्लग बदलले, मग वायरी, मग डिस्ट्रिब्युटरची टोपी, शेवटी कार्ब्युरेटरचे किट. चार फेऱ्या झाल्या, गाडी तशीच. पाचव्या वेळी ‘इंजिनच उतरवावे लागेल’ असा सल्ला मिळाला.

तेव्हा त्याने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेल्या आपल्या एका वर्गमित्राला बोलाविले. त्याने आधी हत्याराला हात लावला नाही, वही काढली. दोष फक्त उभ्या जागी, थंड व गरम दोन्ही स्थितींत, पावसाशी संबंध नाही, अशी नोंद झाली. मग एकेक वायर काढून पाहिली. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला इंजिन ढासळले. तिसऱ्याला काही फरक नाही. हीच चाचणी रेस वाढवून केली, तर तिसऱ्यालाही फरक पडला. म्हणजे तिसरा सिलिंडर मेलेला नव्हता. तो उभ्या जागीच उपाशी राहत होता. पहिल्या व तिसऱ्याचे प्लग अदलून पाहिले, दोष तिसऱ्यालाच राहिला. वायरीचेही तेच. तिन्ही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा निघाला. ठिणगी सुटली, दाब सुटला, उरले मिश्रण. तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला मॅनिफोल्डवर बसणारी एक बारीक रबरी नळी टोकाशी कडक होऊन चिरली होती. वरून ती धड दिसे. ती चिमटीत धरताच इंजिन शांत झाले. वीतभर नळी आणि एक क्लिप, एवढ्यात काम संपले.

या उदाहरणातून गॅरेजवाल्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यावर पुढे लिहितोच.

आजच्या काळाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न पेट्रोलचा. २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून अशा पेट्रोलला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा. संगणक असलेली गाडी काही मर्यादेत हा फरक भरून काढते. कार्ब्युरेटरला डोळे नसतात. तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ पडते. त्यामुळे जुन्या गाडीचे ट्यूनिंग पूर्वी योग्य असले तरी ते आज पुन्हा तपासावे. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि ते पाणीही शोषते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा वेळेवर पाहावा, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

दुसरा प्रश्न गॅसचा. जुन्या गाडीला सीएनजी किट बसविलेले असेल तर ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. पेट्रोलवर चाललेला दुबळा प्लग गॅसवर ठोका चुकवितो. त्यामुळे गाडी गॅसवर ‘मिसिंग’ करते की पेट्रोलवरही, हे आधी पाहावे. दोन्हींवर दोष सारखाच असेल तर किटला दोष देऊ नये.

तिसरा प्रश्न पीयूसीचा. हा कागद अनेकजण केवळ दंड चुकविण्यासाठी घेतात. वास्तविक तो स्वस्तातला तपासणी-अहवाल आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या पेट्रोल मोटारीसाठी उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे : ठोका चुकतो आहे. नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घालूनच मोजणी करून घ्यावी आणि मागील कागद जपून ठेवावेत. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की इंजिनाचा उतार डोळ्यांना दिसतो.

निदानाची किंमत

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गॅरेजमध्ये सुटे भाग एकामागून एक का बदलले जातात? अज्ञान हे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. आपण ग्राहक म्हणून वस्तूचे पैसे मुकाट्याने देतो. विचाराचे पैसे देताना घासाघीस करतो. मेस्त्रीने तासभर खपून वीतभर नळी शोधली आणि त्या तासाचे पाचशे रुपये मागितले, तर ‘नळी तर चाळीस रुपयांची!’ असे आपण म्हणतो. त्याच मेस्त्रीने न तपासता दोन हजारांचे भाग बसविले, तर बिल पाहून आपण खिशात हात घालतो. अशा व्यवहारात विचार करणारा कारागीर उपाशी राहतो आणि भाग विकणारा टिकतो. दोष एकट्या मेस्त्रीचा नाही. हाताने काम करणाऱ्याला डोके नसते असे मानणाऱ्या आपल्या जुन्या समजुतीचा आहे. या समजुतीने आपल्याच वाडवडिलांच्या कौशल्याला शतकानुशतके ज्ञान म्हणून मान्यता मिळू दिली नाही. तीच समजूत आपण गॅरेजच्या दारात वागवावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमच्या तीन सूचना आहेत. गाडी दुरुस्तीला देताना दोष केव्हा, कोठे, कोणत्या स्थितीत येतो हे कागदावर लिहून द्यावे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. कोणताही भाग बदलण्यापूर्वी ‘हाच दोषी आहे हे कशावरून?’ असे विचारावे. जुना भाग परत मागावा. चांगल्या मेस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो प्लग हातात ठेवून दाखवितो.

आणि जे विद्यार्थी स्वतः या व्यवसायात आहेत त्यांनी वही ठेवावी. आलेली प्रत्येक गाडी, तिचे लक्षण, घेतलेली चाचणी, निघालेले कारण हे चार रकाने पुरेत. दोन वर्षांत अशी वही कोणत्याही छापील पुस्तकाहून अधिक मोलाची होईल, कारण तिच्यात पुण्याचा पाऊस, पुण्याची चढण आणि पुण्याच्या पंपावरचे पेट्रोल यांचा अनुभव साठलेला असेल. शाळेच्या ग्रंथालयात अशी एखादी वही आली, तर तिला इतिहासाच्या कपाटात जागा देण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत.

स्वाध्याय

१. उभ्या जागी ठोका चुकतो आणि रेस दिल्यावर गाडी सुधारते. हवेच्या गळतीचा संशय प्रथम का घ्यावा?

२. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर एक सिलिंडर बंद पडल्यास मिनिटाला किती ठोके गळतील?

३. ऑइल टाकल्यावरही कॉम्प्रेशनचा आकडा वाढला नाही. रिंगा दोषी आहेत की व्हॉल्व्ह? कारण द्या.

४. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे मागील दोन पीयूसी कागद मिळवा. त्यांतील आकड्यांची तुलना करून चार ओळींत निष्कर्ष लिहा.

५. आपल्या परिसरातील एखाद्या अनुभवी मेस्त्रीस भेटा आणि त्याने नुसत्या आवाजावरून ओळखलेल्या तीन बिघाडांची नोंद त्याच्याच शब्दांत करा.